प्रचालक दंडाचा धारवा
जहाजाच्या पिछाडीतून बाहेर जाणाऱ्या प्रचालक दंडाला आधार देणारा भाग. प्रारंभीच्या मळसूत्री प्रचालकाच्या जहाजांतील पितळी धारवे लवकर झिजत. दंड डळमळे व पाणी आत शिरे. शिडे व बाष्पएंजिन असलेली ‘रॉयल अल्बर्ट’ ही ब्रिटिश युद्धनौका १८५५ मध्ये पिछाडीच्या याच भागातून पाणी शिरल्याने किनाऱ्यावर चढवावी लागली. जॉन पेन या इंग्लिश अभियंत्यांनी १८५४ मध्येच यावरील उपायाचे एकस्व घेतले होते. लिग्नम व्हायटी या कठीण, राळयुक्त लाकडाच्या पट्ट्या ते पितळी नळीत बसवीत. पट्ट्यांमधील खाचांत खेळणारे समुद्राचे पाणीच वंगणाचे काम करी. झीज झाल्यावर केवळ पट्ट्या बदलता येत. विसाव्या शतकात लहान शिडाच्या नौकांत खाचांचे रबरी अस्तर रूढ झाले. ते बदलण्यासाठी नौका सामान्यतः पाण्याबाहेर काढतात.