चूक कोणाची?

भातसाकाठच्या खडवलीला आगगाडीची ओळख फार जुनी. कल्याणच्या पुढे वाशिंदपर्यंत रूळ पडले ते १८५५ साली; आणि योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्याकडे प्राणघातक अपघातांचा कायदा झाला. तोवरचा इंग्रजी न्याय मोठा विचित्र! माणूस जखमी झाला तर त्याला भरपाई मागता येई. मेला, की दावाही त्याच्याबरोबर सरणावर जाई. नव्या कायद्याने विधवेला, मुलाबाळांना, आईबापांना फिर्यादीचा हक्क दिला. अट मात्र राहिली, आणि ती भारी जाचक: समोरच्याची चूक शाबीत करा.

आता पाहा, रात्री मालमोटारीखाली घरचा कर्ता गेला. पाहणारा कोण? ड्रायव्हर काही आपल्याविरुद्ध साक्ष देणार नाही. आणि घराबाहेर न पडलेल्या त्या बाईने मोटार किती वेगात होती, हे कोर्टाला पटवायचे!

१९५६ च्या दुरुस्तीने अपघातांच्या दाव्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. अट सुटली नाही. मुंबई हायकोर्टातून गेलेल्या एका अपिलात सुप्रीम कोर्टाने १९७७ साली बजावले, की चूक शाबीत झाल्याविना मालकावर जबाबदारी नाही. शेवटी १९८२ साली संसदेने वाट काढली. मृत्यूला पंधरा हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. चूक कोणाची हे विचारायचे नाही.

तेवढ्यासाठीही किती झगडावे लागावे! १९८७ साली पुणे-बंगळूर हमरस्त्यावर पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर ट्रकशी टक्कर होऊन उलटला. गळते पेट्रोल पाहून गावकरी जमले, आणि सातनंतर भडका उडाला. टक्कर तीनला, स्फोट सातला, मग हा मोटारीचा अपघात कसा, असा वाद घातला गेला! पंधरा हजारांचा हा तंटा सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. १९९१ साली निकाल मृताच्या घरच्यांच्या बाजूने लागला.

जुलै २०२३ मध्ये खडवली फाट्यावर पडघ्याहून स्टेशनकडे निघालेल्या जीपला कंटेनरने धडक दिली. सहा माणसे गेली. आता चूक न विचारता मृत्यूला पाच लाख मिळण्याची तरतूद आहे. परंतु ही रक्कम पत्करली, की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपतो. तो लढवायचा, तर पंचनामा, साक्षीदार, मिळकतीचे पुरावे गोळा करून चूक कोणाची, हे पुन्हा शाबीत करायचे. सुतकातल्या घराने यांतले काय निवडायचे?