बारामतीची अक्षरजोडणी

दोन शब्द एकापुढें एक ठेवले म्हणजे ते जोडले गेले काय? संगणकास हा प्रश्न घातला तर तो होय म्हणेल. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६२ च्या सुमारास स्नोबॉल नांवाची एक आज्ञाभाषा तयार झाली. तिच्यांत दोन अक्षरमालिका मध्यें केवळ मोकळी जागा सोडून लिहिल्या कीं त्यांची एक मालिका होई. पुढील कित्येक भाषांनीं या कामास अधिकाचें चिन्ह योजिलें. कृति मात्र तीच राहिली. पहिलीचें शेवटचें चिन्ह संपलें कीं दुसरीचें पहिलें ठेवावयाचें. याच प्रश्नाशीं अठराव्या शतकांत कऱ्हेच्या कांठीं एका पुराणिकाचा जन्मभर संबंध आला, आणि त्याला मिळालेलें उत्तर इतकें सरळ नव्हतें.

मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यास झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांच्यापाशीं त्यांचें अध्ययन झालें. तारुण्यांत ते बारामतीस आले, पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूराव नाईक यांच्या आश्रयास राहून पुराण सांगूं लागले, आणि १७९४ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. आर्याभारताच्या सुमारें सतरा हजार आर्या, केकावलि, आणि एकशेंआठ रामायणें रचल्याची ख्याति, एवढा त्यांचा व्याप.

पंतांच्या आर्या बहुतेक गीति या जातीच्या आहेत. गीतीच्या प्रत्येक अर्धांत तीस मात्रा असाव्या लागतात. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. हें गणित बेरजेचें असतें तर कोणाही कारकुनास आर्या रचतां आल्या असत्या. परंतु ‘जय’ च्या मात्रा दोन आणि ‘स्तंभ’ च्या तीन असतां ‘जयस्तंभ’ या समासाच्या मात्रा पांच न होतां सहा होतात. कारण पुढें जोडाक्षर आलें कीं मागचा ‘य’ गुरु होतो. उलट ‘रमा’ च्या तीन व ‘ईश’ च्या तीन, पण ‘रमेश’ च्या अवघ्या चार. बारामतीची कऱ्हा पुढें नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यांत नरसिंगपूर येथें भीमेस. त्या संगमांत निदान एकीचें नांव तरी टिकतें. संधींत ‘आ’ जातो, ‘ई’ हि जाते, आणि तेथें ‘ए’ येऊन बसतो. म्हणजे जोडाचा हिशेब जोडल्यानंतरच करावयाचा, आणि तीस भरले नाहींत तर पुन्हां सांधा उकलावयाचा.

एवढ्यानें पंतांचें समाधान झालें नाहीं. निरोष्ठ रामायणांत त्यांनीं ओंठ मिळवून उच्चारावयाचे वर्ण वर्ज्य केले. प, फ, ब, भ, म हे पांच गेले म्हणजे भरत, लक्ष्मण, बिभीषण, कुंभकर्ण हीं नांवें गेलींच. परंतु खुद्द राम हें नांवहि गेलें, आणि कथा तर त्याचीच सांगावयाची! मंत्ररामायणांत ‘श्रीराम जयराम जयजयराम’ या मंत्राचीं तेरा अक्षरें गुंफलेलीं आहेत.

या खटाटोपास काव्य म्हणावें कीं नाहीं, याविषयीं पुढें मतभेद झाले. दादोबा पांडुरंगांनीं केकावलीवर ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका लिहून १८६५ सालीं प्रसिद्ध केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमालेंत पंतांच्या कवितेचा कैवार घेतला. पंत केवळ शब्द जुळविणारे होते, हा आक्षेप तरी मिटला नाहीं. त्यांचीं कांहीं रामायणें निव्वळ कसरतीचीं आहेत, हें त्यांच्या चाहत्यांनींहि मान्य करावें. केकावलीस हा आक्षेप लागत नाहीं. तेथें देवाला हांक मारणारा भक्त बोलतो आणि जोडणीकडे वाचकाचें लक्षहि जात नाहीं. शिवाय ‘केवळ’ जुळविणें हें केवढें काम आहे, याची कल्पना संगणकावर मराठी लिहावयाची वेळ आल्यावर अधिक येते.

देवनागरीचीं चिन्हें यंत्रांत एकेक अंक देऊन ठेवलेलीं असतात. १९९१ सालीं युनिकोड या सर्वलिपिसंग्राहक योजनेची पहिली आवृत्ति निघाली, तींत देवनागरीस स्वतंत्र जागा मिळाली. ‘सत्’ यांत स, त आणि हलन्ताची खूण अशीं तीन चिन्हें. ‘कार’ यांत क, काना आणि र अशीं तीन. जोडून झालेल्या ‘सत्कार’ शब्दांत यंत्र सहा मोजतें, वाचणारा तीनच अक्षरें मोजतो. पडद्यावर त् आणि क यांचें जोडाक्षर दिसतें. आंत तीं दोघें शेजारीं मात्र आहेत. ‘रमा’ आणि ‘ईश’ दिल्यास यंत्र ‘रमाईश’ लिहून मोकळें होतें.

समजा, गांवाचें नांव घेऊन त्यास अनुस्वार व ‘त’ जोडावा आणि पत्राचा मजकूर छापावा, अशी आज्ञा कोणी यंत्रास दिली. ‘बारामती’ आली तर ‘बारामतींत’ छापून निघेल आणि आज्ञा लिहिणारा निश्चिंत होईल. पुढचें पत्र इंदापूरचें निघालें कीं ‘इंदापूरंत’ असा शब्द उमटेल. मराठी माणसाचें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच ‘इंदापुरांत’ म्हणतें. ‘पू’ चा ‘पु’ करतें, ‘र’ चा ‘रा’ करतें, आणि मग प्रत्यय लावतें. यंत्रास हें सामान्यरूप नियमानें शिकवावें लागतें, आणि तो नियम लिहिणारास आधीं सांधा कोठें उकलावयाचा हें ठाऊक असावें लागतें.