फाइल नसलेले उपकरण : नेटवर्क इंटरफेसच्या नावाची कुळकथा

युनिक्स या संगणकप्रणालीची घडण १९६९ पासून बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून होत असताना तिच्यात एक सूत्र फार लवकर रुजले. ते असे की, संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण वापरणाऱ्याला फाइलीसारखेच दिसले पाहिजे. डिस्क असो, टेप असो वा टर्मिनल असो, 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत त्याच्या नावाची एक विशेष फाइल असते, आणि ती उघडणे, वाचणे, तिच्यात लिहिणे व ती बंद करणे एवढ्या क्रियांत त्या उपकरणाशी होणारा बहुतेक व्यवहार उरकतो. या विशेष फाइलीत मजकूर नसतो, दोन क्रमांक असतात. त्यांपैकी 'मेजर' क्रमांक कोणता ड्रायव्हर बोलवायचा ते सांगतो आणि 'मायनर' क्रमांक त्या जातीचे कितवे उपकरण ते सांगतो. ड्रायव्हर म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, अर्थात कर्नेलमधला, एका विशिष्ट उपकरणाची भाषा जाणणारा भाग. लिनक्ससारख्या आजच्या प्रणालीत डेव्ह डिरेक्टरी कितीही धुंडाळली तरी तीत एक उपकरण सापडत नाही, ते म्हणजे नेटवर्क कार्ड. त्याला नाव असते, क्रमांक असतो, ड्रायव्हर असतो. फाइल मात्र नसते. नेटवर्क कार्ड बसवण्याचे काम इतर उपकरणे बसवण्याहून वेगळ्या कमांडांनी का करावे लागते, आणि त्याच्या नावाचा प्रश्न पुढे तीस-चाळीस वर्षे का छळत राहिला, याचे मूळ या एका अपवादात आहे.

अपवाद जन्मला तो बेल लॅबोरेटरीजमध्ये नव्हे, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्र विभागात. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात इथरनेट विकसित केले होते; एकाच तारेवर अनेक संगणकांनी आळीपाळीने माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, सोडण्याची ही पद्धत सुरुवातीला सेकंदाला सुमारे ३० लाख बिट या वेगाने चाले, आणि १९८० मध्ये डेक, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून तिचे १ कोटी बिटांचे प्रमाणित रूप प्रसिद्ध केले. दुसरीकडे अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेला आपले आर्पानेट १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी या नव्या नियमावलीवर न्यायचे होते, आणि त्यासाठी विद्यापीठांमध्ये पसरलेल्या व्हॅक्स संगणकांवर ती नियमावली चालणे गरजेचे होते. बीबीएन या कंपनीने लिहिलेली टीसीपी-आयपीची संहिता बर्कलीला मिळाली. बिल जॉय यांनी तिच्यात मोठे फेरफार केले, पुढे सॅम लेफलर यांनी ते काम हाती घेतले, आणि ऑगस्ट १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्सची '४.२ बीएसडी' ही आवृत्ती बाहेर पडली.

या आवृत्तीत नेटवर्क कार्डाला डेव्हमध्ये जागा दिली गेली नाही. तत्त्वाला सोडून घेतलेला हा निर्णय आळसातून आलेला होता असे मात्र म्हणता येत नाही. फाइल ही कोणीतरी उघडावी लागते, आणि ज्या प्रोग्रॅमने ती उघडली त्यालाच तिच्यातील मजकूर मिळतो. पॅकेट मात्र कोणी मागितले नसतानाही तारेवरून येते, आणि ते कोणत्या प्रोग्रॅमसाठी आहे हे ते उलगडल्याशिवाय कळत नाही. शिवाय बाहेर जाणारे पॅकेट कोणत्या कार्डातून पाठवायचे हे प्रोग्रॅम ठरवत नाही, कर्नेलमधला मार्गांचा तक्ता ठरवतो. म्हणजे कार्डाचा खरा धनी एखादा प्रोग्रॅम नसून कर्नेलमधला टीसीपी-आयपीचा भागच असतो. म्हणून बर्कलीकरांनी मधला मार्ग काढला. प्रोग्रॅमच्या हाती 'सॉकेट' नावाचे संवादाचे टोक दिले, जे फाइलीप्रमाणे वाचता-लिहिता येते, आणि कार्ड मात्र 'इंटरफेस' या नावाने कर्नेलच्या आत ठेवले. इंटरफेसचे नाव दोन भागांचे असे, आधी ड्रायव्हरचे अक्षर-जोड आणि मागे शून्यापासून सुरू होणारा क्रमांक. झेरॉक्सच्या मूळ मंदगती इथरनेटच्या कार्डाला 'ईएन', इंटरलॅन कंपनीच्या कार्डाला 'आयएल', थ्रीकॉमच्या कार्डाला 'ईसी' अशी ती अक्षरे होती. त्यामुळे 'आयएल०' म्हटले की यंत्रातले पहिले इंटरलॅन कार्ड हे सांगावे लागत नसे.

फाइल नाही म्हटल्यावर कार्डाला पत्ता कसा द्यायचा, ते चालू-बंद कसे करायचे, हा प्रश्न उरला, आणि त्याच्या उत्तरादाखल 'आयएफकॉन्फिग' ही कमांड त्याच आवृत्तीत अवतरली. तिची अंतर्रचना पाहिली तर अपवादाची अडचण उघड दिसते. एरवी उपकरणाला सूचना द्यायची तर त्याची फाइल उघडून सूचना पाठवतात. येथे फाइलच नसल्याने ही कमांड एक सॉकेट उघडते, ज्याचा त्या कार्डाशी काहीही संबंध नसतो, आणि त्या सॉकेटच्या हाती एक छोटी नोंद देते, जिच्या सुरुवातीला इंटरफेसचे नाव लिहिण्यासाठी १६ अक्षरांची जागा राखलेली असते. त्या जागेशेजारी लिहिलेल्या टिपणीत उदाहरण म्हणून 'ईएन०' हे नाव दिलेले आहे, आणि ती टिपणी लिनक्सच्या आजच्या संहितेतही जशीच्या तशी आढळते. असाच दुसरा अवशेष 'ट्रेलर' या पर्यायाचा. पॅकेटचे मथळे मजकुराच्या आधी न ठेवता शेवटी ठेवले तर मजकूर मेमरीच्या पानाच्या सीमेवर सुरू होतो आणि त्याची नक्कल न करता नुसते पान हलवून काम भागते, अशी व्हॅक्सवर वेळ वाचवणारी युक्ती लेफलर आणि माइक कॅरल्स यांनी १९८४ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. युक्ती लवकरच मागे पडली, पण ती वापरू नका असे सांगणारा पर्याय आणि त्याचा बिट तेवढा मागे राहिला.

या काळी ड्रायव्हर 'बसवणे' म्हणजे कर्नेलच नव्याने बांधणे होते. यंत्राच्या वर्णनाच्या फाइलीत कार्डाचे नाव, ते कोणत्या बसवर, म्हणजे उपकरणे जोडणाऱ्या सामाईक मार्गावर, आहे आणि त्याचा पत्ता काय हे एका ओळीत लिहायचे, त्यावरून कर्नेल संकलित करायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे, असा तो क्रम होता.

बर्कलीचा मार्ग हाच एकमेव मार्ग नव्हता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रिची यांनी १९८४ मध्ये 'स्ट्रीम' ही रचना मांडली. तिच्यात उपकरणाची फाइल उघडायची आणि तिच्यावर नियमावलीचे थर एकावर एक चढवायचे, अशी योजना होती. ए टी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये आणि पुढे सन कंपनीच्या सोलारिसमध्ये ही रचना आली, म्हणून सोलारिसवर नेटवर्क कार्डाची डेव्हमध्ये फाइल खरोखरच असे, आणि इंटरफेस वापरण्याआधी आयएफकॉन्फिगला 'प्लंब' म्हणजे नळजोडणी कर असे सांगावे लागे. बेल लॅबोरेटरीजच्या 'प्लॅन नाइन' या पुढच्या प्रणालीत तर सूत्र शेवटपर्यंत नेले गेले. तेथे नेटवर्क ही एक डिरेक्टरी असून जोडणी करायची तर तिच्यातल्या एका फाइलीत साध्या मजकुरात तशी आज्ञा लिहायची असते. तत्त्वाच्या कसोटीवर ही मांडणी बर्कलीच्या मांडणीहून सरस ठरते. पण टीसीपी-आयपी सर्वदूर पोचली ती बर्कलीच्या संहितेच्या पाठीवर बसून, आणि संहितेबरोबर तिचा अपवादही घरोघर गेला.

त्या अपवादाला सर्वाधिक माणसांपर्यंत नेले ते लिनक्सने. लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कर्नेलमधील नेटवर्कचा भाग रॉस बायरो, फ्रेड व्हॅन केम्पेन आणि ॲलन कॉक्स यांच्या हातून क्रमाने घडला, तर इथरनेटचे बहुतेक सुरुवातीचे ड्रायव्हर डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. बेकर यांच्या कामाला पुढे नासाच्या गॉडर्ड केंद्रातील उपक्रमाचे बळ मिळाले. तेथे त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी १९९४ मध्ये १६ साध्या संगणकांचा 'बेओवुल्फ' हा समूह उभारला, आणि स्वस्त इथरनेट कार्डे भरवशाने चालवणे हा त्या समूहाच्या जिवाचाच प्रश्न होता. लिनक्सने बर्कलीची नावाची रीत मात्र मोडली. ड्रायव्हर कोणताही असो, इथरनेटचे कार्ड असेल तर त्याचे नाव 'ईथ०', दुसरे सापडले तर 'ईथ१', असे ठरले. वापरणाऱ्याला ही रीत सोपी वाटली, कारण कार्ड बदलले तरी पत्त्याची फाइल बदलावी लागत नसे. पण तिने नावातली ओळख पुसून टाकली. बर्कलीच्या वंशातल्या फ्रीबीएसडीवर आजही 'ईएम०' हे नाव वाचून त्या ड्रायव्हरचे माहितीपान थेट उघडता येते. 'ईथ०' वाचून यंत्रात कोणते कार्ड आहे याचा काहीच पत्ता लागत नाही.

आणि कार्ड कोणते हे ओळखणे त्या काळी सर्वांत अवघड होते. तेव्हाच्या पीसीतील आयएसए बस ही एक मुकी बस होती. तिच्यावरच्या कार्डाला 'तू कोण' असे विचारण्याची सर्वमान्य सोयच नव्हती. नोव्हेल कंपनीने आपले नेटवेअर हे नेटवर्क-सॉफ्टवेअर खपावे म्हणून बाजारात आणलेले 'एनई२०००' हे कार्ड आणि त्याच्या असंख्य स्वस्त नकला सर्वत्र होत्या. कार्डावरच्या जंपर नावाच्या इवल्या जोडण्या हलवून त्याचा पत्ता, बहुधा षोडशमान पद्धतीतला ३००, आणि इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताचा, क्रमांक ठरवायचा, आणि तेच आकडे कर्नेलला कळवायचे. कळवले नाहीत तर कर्नेल एकेका ड्रायव्हरकडून एकेका पत्त्यावर चाचपणी करवून घेई, आणि जो ड्रायव्हर आधी 'ओळखले' म्हणेल त्याला कार्ड मिळे. ही चाचपणी निरुपद्रवी नव्हती. एनई२००० ओळखण्यासाठी त्या पत्त्यावर काही आकडे लिहून-वाचून पाहावे लागत, आणि तेथे दुसरेच कार्ड असेल तर त्या आकड्यांनी ते भलतेच वागे, क्वचित सारे यंत्र गोठून जाई. हे कार्ड ३२ पत्ते व्यापते, म्हणून ते षोडशमान ३६० वर ठेवले तर त्याची हद्द ३७८ वर असलेल्या प्रिंटरच्या पोर्टावर चढे. म्हणून यंत्र सुरू होतानाच्या ओळीत 'ईथर=' असे लिहून पत्ता आणि इंटरप्ट देण्याची, आणि 'रिझर्व्ह=' लिहून काही पत्ते चाचपणीतून वगळण्याची सोय केली गेली. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीपासून ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून चालत्या कर्नेलमध्ये घालणे रूढ झाले, कर्नेल पुन्हा बांधण्याचा खटाटोप टळला. तरीही 'ईथ०' म्हणजे कोणते मॉड्यूल हे एका फाइलीत हाताने लिहून ठेवावे लागतच होते.

मुक्या बसला वाचा फुटली ती पीसीआयमुळे. १९९२ मध्ये इंटेलने मांडलेल्या या बसवर प्रत्येक कार्ड विचारल्यावर दोन आकडे सांगते, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. इंटेलने स्वतःसाठी षोडशमान ८०८६ हा आकडा घेतला, जो तिच्या १९७८ च्या प्रोसेसरचे नाव आहे. अशी गंमत प्रमाणपुस्तिकांच्या रुक्ष जगात फार आढळत नाही. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी आपण कोणते आकडे सांभाळतो याचा तक्ता ड्रायव्हरमध्येच ठेवायला सुरुवात केली, ते सारे तक्ते एकत्र करून एक यादी बनू लागली, आणि कार्डाने आकडे सांगताच योग्य मॉड्यूल आपोआप आत येऊ लागले. ड्रायव्हर बसवणे हा बहुतांशी प्रश्नच उरला नाही.

पण ओळख पटवण्याचे काम जसे वेगवान आणि समांतर झाले तसा नावाचा जुना दोष वर आला. दोन कार्डांच्या सर्व्हरवर आधी कोणते सापडेल हे निश्चित नसल्याने आज जे 'ईथ०' ते उद्या 'ईथ१' होऊ शके, आणि ज्या यंत्रावर एक कार्ड आतल्या जाळ्याला व दुसरे इंटरनेटला जोडलेले असते तेथे ही अदलाबदल म्हणजे फायरवॉलचे नियम उलट्या दारावर लागणे होय. डिस्कच्या बाबतीत हा प्रश्न उपकरणांची नावे सांभाळणाऱ्या यूडेव्ह या प्रणालीने सहज सोडवला होता, कारण डिस्कला फाइल असते आणि एका फाइलीला दुसऱ्या नावाचा दुवा जोडता येतो. नेटवर्क कार्डाला फाइलच नसल्याने दुवा कशाला जोडणार, नावच बदलावे लागे. यूडेव्हने प्रत्येक कार्डाचा ४८ बिटांचा कायम पत्ता लिहून ठेवून नाव पक्के करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आभासी यंत्राची नक्कल केली की नव्या पत्त्याचे एकुलते कार्ड 'ईथ१' म्हणून उगवू लागले. अखेर जानेवारी २०१३ मध्ये लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या प्रणालीच्या १९७ व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची रीत आणली. 'ईएनपी३एस०' म्हणजे तिसऱ्या पीसीआय बसवरील शून्याव्या स्लॉटमधले इथरनेट. योगायोगाने 'ईएन' ही अक्षरे, तीस वर्षांनी, पुन्हा नावाच्या आरंभी आली. ॲपलच्या मॅकवर तर 'ईएन०' हेच नाव आजही चालते. नव्या नावांवर सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी बरीच नाराजी दाखवली, आणि जुनी नावे परत आणणारा कर्नेलचा पर्याय अनेक ठिकाणी नेमाने लावला जातो. नाराजी समजण्यासारखी असली तरी ती चुकीच्या जागी आहे. कार्ड एकच असेल तर 'ईथ०' ठीक, पण दोन असतील तेव्हा ते नाव कोणतेच वचन पाळत नव्हते.

आयएफकॉन्फिगची जागा लिनक्सवर अलेक्सेय कुझनेत्सोव्ह यांच्या 'आयपी' या कमांडने घेतली आहे, आणि ती उसन्या सॉकेटच्या नोंदीऐवजी 'नेटलिंक' या वेगळ्या वाहिनीवरून कर्नेलशी बोलते. नावासाठी राखलेली १६ अक्षरांची जागा मात्र तशीच राहिली. त्यांतले शेवटचे अक्षर समाप्तीच्या खुणेसाठी जात असल्याने नावाला १५ अक्षरे उरतात. कार्डाच्या कायम पत्त्यावरून नाव देताना सिस्टिमडी तीन अक्षरे आणि पत्त्याचे १२ षोडशमान अंक जोडते, म्हणजे १५ अक्षरे नेमकी संपतात. असे नाव मिळालेल्या यूएसबी अडॅप्टरवर रिवाजाप्रमाणे टिंब आणि क्रमांक जोडून आभासी जाळ्याचा, म्हणजे व्हीलॅनचा, इंटरफेस काढायला गेले की कर्नेल नाव लांब झाले म्हणून नकार देतो. जानेवारी २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून लिनक्सवर इंटरफेसला १२७ अक्षरांपर्यंतची पर्यायी नावे जोडता येतात.