बाजार समितीचं मूळ गाव

आज गावोगावी दिसणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचं मूळ शोधत मागे गेलं, की वाट वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड इथे पोचते. 1886 साली हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हुकमाने इथला कापूसबाजार नियमांखाली आला. देशातली ही पहिली नियंत्रित बाजारपेठ. कारंजा ज्यात येतं तो वऱ्हाड नावाला निजामाचा, पण 1853च्या तहापासून कारभार इंग्रजांचा, म्हणून हुकूम हैदराबादेहून निघाला.

कारंजा जुनं सावकारी गाव. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैन भट्टारकांची पीठं, आणि दिल्ली वेस, दारव्हा वेस अशी वेशींची नावं, व्यापाराच्या वाटा सांगणारी. इथल्या एका सावकाराने विकायला आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन घराच्या बांधकामात घातली, ही दंतकथा गावात अजून सांगतात. ती खरी असो-नसो, पैशाला तोटा नव्हता. दुसऱ्या सुरत-स्वारीनंतर 1670च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर स्वारी केली. तेव्हा चार हजार बैल-गाढवांवर लादून संपत्ती नेल्याचं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे.

पुढे या पेठेत कापूस राजा झाला. 1861 ते 1865च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यांची मागणी भूमध्य समुद्रावरच्या अलेक्झांड्रिया बंदराकडे वळली, तशीच वऱ्हाडाकडेही. गिरण्यांना माल हवा होता तो स्वच्छ, कोरडा, भेसळ नसलेला आणि खात्रीच्या भावाने. नियम आले ते या गरजेपोटी, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. शेतकऱ्याचं दुःख तर उघड दिसत होतं: दलाल आणि खरीददार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, ज्याचा माल तो नुसता बघत उभा. वर अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा कपाती. गाडी रिकामी झाल्यावर परत कुठे न्यायची?

1897च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलालांना, मापाऱ्यांना परवाने आले, देखरेखीला समिती आली. पण तिच्यात मुख्यतः व्यापारी. कापूस पिकवणाऱ्याला जागाच नव्हती, आणि मला हा त्या कायद्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. उत्पादकाला समितीत बसवण्याचा विचार मुंबई इलाख्याच्या 1927च्या कायद्यात आला. 1928 साली शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्राचा आजचा कायदा 1963चा.

कारंज्यात 1886 साली जे सुरू झालं, त्यात शेतकऱ्याचा आवाज मिसळायला चाळीस वर्षं लागली. म्हणून यार्डात माल नेणाऱ्यांनो, हर्रास उघड्यावर झाला का, काटा तपासलेला आहे का, हिशेबपट्टीवर कोणती कपात लावली, हे विचारल्याशिवाय गाडी जुंपू नका.