‘शीतल’मधला ल

आमच्या चोपड्याच्या घराचं नाव ‘शीतल’. खान्देशातला मे महिना ज्याने सोसलाय, त्याला हे नाव ऐकून हसू येईल. दारावरची सागवानी पाटी कुणा सुताराने पटाशीने कोरलेली. शाळेत जायच्या आधी मी वाचलेली पहिली तीन अक्षरं तीच. दोन पावसाळ्यांपूर्वी वाळवीने त्यातला ‘त’ खाल्ला आणि नवी पाटी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ मी.

गावातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात सीएनसी राउटर आहे. दिवसभर तो दरवाजांवर गणपती आणि वेलबुट्टी कोरतो. मालक म्हणाला, “फाईल आणा, अर्ध्या तासाचं काम.” मी सॉफ्टवेअरमध्ये ‘शीतल’ टाइप केलं, बरा दिसणारा फॉन्ट लावला आणि चित्र आजीला फोनवर दाखवलं. आजी चौथी शिकलेली. तिने फोन हातभर लांब धरला आणि म्हणाली, “हाऊ ल आपला नही शे, भाऊ.”

खरंच नव्हता. स्क्रीनवरचा ल उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी पुस्तकातला. जुन्या पाटीवरचा ल दोन पाकळ्यांचा. ‘श’चंही तेच: पाटीवर देठाचा, स्क्रीनवर गाठीचा. मी रोज मराठी टाइप करतो, तरी हे माझ्या डोळ्यांना खुपलं नव्हतं.

मग शोधत गेलो. छापखान्यांच्या काळात देवनागरीची दोन मोठी वळणं होती, मुंबई आणि कलकत्ता. मुंबईच्या वळणाला घाट दिला तो जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (छापखाना १८६९ चा) आणि त्यांच्यासाठी ठसे कापणाऱ्या राणूजी रावजी आरूंनी. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कापायचं, ते तांब्यात ठोकायचं, त्या साच्यात शिसं ओतायचं. म्हणजे कागदावरच्या छापील अक्षराआधीही कुणीतरी कोरायला बसलेलाच होता. पुढे १९६६ साली केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक देवनागरी वर्णमाला काढली. त्यात गंमत अशी की अ, झ, ण यांची मुंबई वळणं हिंदीने उचलली, पण ल आणि श आपले घेतले नाहीत. शेवटी महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. तोवर संगणक घराघरात पोचले होते आणि त्यांना हिंदी ल आधी शिकवला गेला होता.

युनिकोडमध्ये ल एकच आहे. दोन्ही रूपांना तोच क्रमांक. चांगल्या फॉन्टच्या पोटात दोन्ही चित्रं असतात, पण हा मजकूर मराठी आहे असं कुणी सांगितलं तरच मराठी चित्र बाहेर येतं. माझ्या कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा सांगायची सोयच नव्हती. मग मी कमांड लाइनवर हार्फबझला भाषा ‘एमआर’ असं सांगून नुसत्या बाह्यरेषा काढून घेतल्या. ऑफिसात अशा चार ओळी रोज लिहितो, पण त्या दिवशी ल ची दुसरी पाकळी उमटली तेव्हा मी एकटाच ओरडलो.

आता कोरणं. व्ही-बिट म्हणजे शंकूच्या टोकाचं पातं. त्याला अक्षराची जाडी कळते ती खोलीतून. रेघ रुंद असेल तिथे पातं खोल उतरतं, निमुळती झाली की वर येतं, कोपऱ्यात तर पृष्ठभागाला टेकून सुईसारखी टोकदार खूण सोडतं. ९० अंशाच्या पात्याने ९ मिलिमीटर रुंद रेघ कोरली की खोली साडेचार. ६० अंशाचं घेतलं की जवळजवळ आठ. पातं चालतं ते रेघेच्या बरोबर मध्यातून. हा मध्य काढायची कल्पना हॅरी ब्लमने १९६७ साली मांडली, तीही सजीवांच्या आकारांचं वर्णन करायला. त्याची उपमा आपल्याकडच्या कुणालाही कळेल: शेताच्या सगळ्या बांधांना एकाच वेळी आग लावली, तर ज्वाळा जिथे एकमेकींना भेटतील ती रेषा. आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र त्याआधीचं, १९५२ साली एमआयटीत दाखवलेलं. त्यामागची जॉन पार्सन्सची खटपट हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी होती.

पण देवनागरीत ही खोली येते कुठून? बोरूतून. तिरका कापलेला बोरू एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक लिहितो. भाज्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या लाकडी तुळयांवर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत, सुमारे २२०० वर्षांपूर्वीची. ब्राह्मीच्या रेघा सगळीकडे सारख्याच जाड. व्ही-बिटने कोरल्या तर एकसारखी नाली निघेल. मधल्या शतकांत लेखण्यांनी अक्षराला जाड-बारीक केलं आणि माझं मशीन ते जाड-बारीकपण लाकडात खाली-वर करून वाचतं. म्हणूनच आजकालचे सडपातळ, एका जाडीचे फॉन्ट पाटीवर मेल्यासारखे दिसतात. तसला एक मी कोरून पाहिला. सरळ जाळात.

पहिला खरा प्रयत्नही फसला. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. कागदावर दिसत नाही. मशीनने मात्र प्रत्येक तुकड्याचं टोक वेगळं मानलं आणि सांध्यासांध्यावर पातं वर उचललं. शिरोरेषा ठिगळं लावल्यासारखी झाली. कारागीर म्हणाला, “भाऊ, डिझाईन फुटलं.” सगळे आकार जोडून एक बाह्यरेषा केली, तेव्हा कुठे रेघ सलग आली. सुताराला हा प्रश्न पडलाच नसणार. त्याने शिरोरेषा एकदाच आखली असेल.

पाटी लावायच्या आधी मी जुनीचा फोटो नव्या बाह्यरेषेवर ठेवून पाहिला. सुताराच्या ल ची डावी पाकळी उजवीपेक्षा मोठी, आणि तिथे पटाशी एकदा घसरलेली. आजी नव्या ल वरून बोट फिरवत होती. “हां, हाऊ आपला,” म्हणाली. मग विचारलं, जुनी पाटी कुठे ठेवलीस. मी वाळवीचं औषध लावून ती कपाटावर ठेवली आहे.