राज्याचा वकील कोण ठरवतो?

मी मारेगावचा. आमच्याकडे मतं मागायला ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतचे सगळे उमेदवार येतात. ‘मला राज्याचा वकील करा’ म्हणत मात्र कुणी येत नाही. संविधानाच्या कलम १६५ नुसार महाधिवक्ता राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. मर्जी राज्यपालांची म्हणायची, प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यानं हे पद १८४६ च्या राज्यघटनेनं मतदारांच्या हाती दिलं. त्याआधी विधिमंडळ माणूस ठरवायचं. १८४५ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल होते जॉन व्हॅन ब्यूरन, माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. तिकडे तेव्हा बड्या जमीनदारांच्या खंडाविरुद्ध कुळांचं बंड पेटलं होतं. कुळांचे पुढारी डॉ. स्मिथ बॉटन यांच्यावरचा खटला व्हॅन ब्यूरन यांनी चालवला, बचावाला होते अ‍ॅम्ब्रोज जॉर्डन. दोन्ही वकिलांची भर कोर्टात हाणामारी झाली आणि न्यायाधीशांनी दोघांनाही २४ तासांसाठी तुरुंगात धाडलं! बॉटन यांना जन्मठेप झाली.

१८४७ मध्ये या पदासाठी पहिल्यांदा मतदान झालं. डेमोक्रॅटिक पक्ष फुटलेला होता, व्हिग पक्षाचे जॉर्डन निवडून आले. कुळांचा वकील राज्याचा वकील झाला. (बॉटन यांनाही त्याच वर्षी गव्हर्नरनं माफी दिली.) अर्थात ‘जनतेनं निवडलं’ हे जपूनच म्हणायचं. बायकांना मत नव्हतं आणि काळ्या पुरुषांना २५० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागे.

आता आमच्या शेजारच्या वणीकडे या. हे लोकनायक बापूजी अणे यांचं गाव. तेही वकील. १९६२ मध्ये स्वतंत्र विदर्भाची मागणी घेऊन ते नागपुरातून अपक्ष उभे राहिले आणि लोकसभेत गेले. त्यांचे नातू श्रीहरी अणे २०१५ मध्ये महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले. तेही विदर्भवादीच. मराठवाडाही वेगळा व्हावा, असं ते जाहीरपणे बोलले, विधिमंडळात गदारोळ उठला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ज्या मागणीवर आजोबांना मतं मिळाली, ती बोलून दाखवणं नातवाच्या पदाला झेपलं नाही.

वकिलाच्या निवडणुकीचा मीही फारसा भक्त नाही. पुढच्या मतदानावर डोळा ठेवून खटले भरणारा वकील धोक्याचाच. पण अणेंनी राहावं की जावं, हे मुंबईत ठरलं. मारेगावात कुणी विचारायला आलं नाही.