साठ कोटींचा हिशेब आणि गॉर्डन हॉलची तेरा वर्षं

आजचा भाग एका पाद्र्याबद्दल आहे. ‘पाद्री’ म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच दोनच चित्रं येतात. एक, धर्म बुडवायला आलेला गोरा माणूस. दोन, शाळा काढणारा, औषध देणारा देवमाणूस. मला दोन्ही चित्रांचा कंटाळा आलाय. म्हणून म्हटलं, एकाचं रोजचं जगणं बघू. सकाळी उठून हा माणूस करायचा काय?

नाव गॉर्डन हॉल. जन्म १७८४, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना परदेशी मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यातला हा एक. जहाजाने कलकत्त्याला पोचले, तर कंपनी सरकार म्हणालं, चालते व्हा. कंपनीला मिशनरी नकोच होते. लोकांच्या धर्माला हात लागला तर बंड होईल ही धास्ती. त्यात अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तेव्हाच युद्ध पेटलेलं. हॉल आणि त्याचा सोबती सॅम्युएल नॉट तिथून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. इथेही तोच हुकूम. मग हे दोघं गुपचूप कोचीनच्या वाटेला लागले, तिथून त्यांना परत आणलं गेलं. नाट्य भरपूर आहे यात, एखादी वेब सीरिज निघेल.

या धावपळीत हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियनला पत्रं लिहिली. सूर साधारण असा, की आम्हाला घालवलंत तर एक दिवस देवाच्या न्यायासनासमोर आपली गाठ आहे! आता सांगा, एकोणतीस वर्षांचा, खिशात पैसा नसलेला, परक्या देशातला माणूस गव्हर्नरला हे लिहितो. हिंमत म्हणा. मला तरी त्यात नम्रता दिसत नाही. देव आपल्याच बाजूने आहे याची पक्की खात्री असलेला तरुण दिसतो.

शेवटी नेपियनने राहू दिलं, आणि १८१३ च्याच सनदी कायद्याने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात दार उघडलं. खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण आता नाट्य संपलं आणि उरलं रोजचं काम.

रोजचं काम म्हणजे मराठी शिकणं. विचार करा, हा कॉलेजात पहिला येणारा माणूस. इथे मात्र पंडितासमोर बसून मुळाक्षरं गिरवायची. ‘ळ’ जिभेवर येत नाही. ‘ने’ लावायचा कुठे, ‘ला’ लावायचा कुठे? ज्यांना शिकवायला आलो त्यांच्याच समोर विद्यार्थी होऊन बसायचं! पुढे बोलता यायला लागल्यावर तो रोज शहरात हिंडायचा: देवळांपाशी, बाजारात, जत्रेत, जिथे चार माणसं जमतील तिथे. लोक ऐकायचे, वाद घालायचे, हसायचे आणि आपापल्या घरी जायचे.

१८१८ मध्ये हॉलने आणि त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूएलने मिळून एक पुस्तक काढलं. विषय काय, तर जगातल्या साठ कोटी लोकांचं धर्मांतर. हो, साठ कोटी! आणि मुंबईत त्यांच्या हाताशी काय होतं? इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेणारा जवळजवळ कोणी नाही. कागदावर साठ कोटी आणि दारात कुणीच नाही, या दोन आकड्यांच्या मधे हा माणूस राहत होता. सोबती गळत होते. नॉट १८१५ मध्येच आजारी पडून परत गेला. न्यूएलची बायको हॅरिएट १८१२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशसला वारली होती. न्यूएल स्वतः १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेला.

हॉल राहिला. शाळा १८१५ पासून सुरू झाल्या होत्या, आणि गंमत बघा, त्यात शिकवायला हिंदू पंतोजी, कारण दुसरं होतं कोण? पोरं यायची ती लिहिणं-वाचणं आणि हिशेब शिकायला. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका निघाली, अवघी आठ पानांची. १८२४ मध्ये मुलींची शाळाही निघाली. आणि या सगळ्यात बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर चालूच होतं. एक ओळ लिहायची, पंडिताला वाचून दाखवायची, त्याने तोंड वाकडं केलं की खोडायची.

स्पष्ट सांगतो, हॉल आपल्या देवदेवतांबद्दल जे लिहायचा ते आज वाचवत नाही. ते मत त्याने कधी सोडलं असं दिसत नाही. पण गव्हर्नरला दरडावणारा तो आवाज या वर्षांत कुठेतरी खाली बसला असावा असं मला वाटतं. ज्याचं फळ दिसत नाही असं काम रोज करत राहायचं, तर आवाज चढवून भागत नाही.

१८२५ मध्ये बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन, त्यांच्या तब्येतीसाठी, अमेरिकेला निघाली. थोरला मुलगा वाटेतच, समुद्रावर गेला.

मार्च १८२६. हॉल दोन मुलग्यांना सोबत घेऊन मुंबईहून नाशिककडे निघाला. पोचला तर तिथे पटकीने थैमान घातलेलं. जवळची औषधं आणि पुस्तिका वाटत काही दिवस राहिला आणि परत फिरला. रात्री मुक्काम दोडी-दापूरला. नाशिक-पुणे रस्त्याने गेलात तर आजही दोडी लागते. झोपायला जागा मिळाली ती देवळाच्या ओवरीत. ज्या देवळांविरुद्ध तेरा वर्षं बोलला, त्यातल्याच एकाने त्याला आसरा दिला. २० मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास त्याला पटकीने गाठलं. उरलंसुरलं औषध घेतलं, ते पोटात ठरलं नाही. आपण वाचत नाही हे त्याने त्या मुलांना सांगितलं, प्रार्थना केली, आणि साधारण आठ तासांत सगळं संपलं. वय एक्केचाळीस. पेटी नाही, पाद्री नाही. मुलांनीच खड्डा खणला, कांबळ्यात गुंडाळून पुरलं.

त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला.

आणि तो छापखाना? तिथे हाताखाली काम शिकलेला गणपत कृष्णाजी नावाचा एक माणूस पुढे स्वतःचा छापखाना काढतो आणि १८३१ मध्ये काय छापतो, माहितीये? मराठी पंचांग! जावजी दादाजीही पोरवयात याच छापखान्यात खिळे घासायला होते. त्यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढला, जिथून पुढे संस्कृत ग्रंथांच्या राशी निघाल्या. हॉलला हे कळलं असतं तर तो हसला असता की कपाळावर हात मारून घेतला असता, सांगता येत नाही.

मार्गारेट तेव्हा अमेरिकेत होती. मुंबईचं पत्र जहाजाने तिकडे पोचायला कित्येक महिने लागायचे. म्हणजे नवरा दोडीच्या मातीत गेल्यावरही बरेच दिवस ती त्याच्या पत्राची वाट बघत असणार. धाकटा मुलगा जगला. त्याचंही नाव गॉर्डन. तो मोठा होऊन पाळक झाला, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावी.